उंद्रीवालीचा घाट

नवी गाडी घेणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. बसला, निघाला, पोचला. संपलं! जुनी गाडी मात्र वाटेत थांबते. थांबली की माणसं जमतात, माणसं जमली की सल्ले सुरू होतात, आणि त्या सल्ल्यांप्रमाणे वागलं की किस्सा तयार! चिखलीला रशीदभाईंच्या गॅरेजवर आम्ही दर रविवारी जमतो. तिथे एका भिंतीशी जुने सुटे भाग साठलेत आणि दुसऱ्या भिंतीशी, बाकावर, आम्ही. दोन्हीकडचा ढीग वाढतोच आहे.

माझं मेडिकल स्टोअर आहे. एक जुनी जीपही आहे, पण तिचा विषय घरी काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

गॅरेजवर गाडीला कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नाही. लग्न होऊन आलेल्या बाईला जसं माहेरच्या गावावरून हाक मारतात, तसंच इथे गाडीचं. उंद्रीच्या बापूंची हिरवी मोटार म्हणजे उंद्रीवाली. मोताळ्याच्या वानखडे सरांची ती मोताळावाली. माझी जीप गावातलीच, म्हणून तिला नावच नाही. "घरची" म्हणतात.

रशीदभाईंना गाड्या पाठ, माणसं नाहीत. एकदा एका लग्नात कुणीतरी त्यांच्या गळ्यात पडलं. "काय रशीदभाई, ओळखलं का?" रशीदभाई बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माफ करजा भाऊ. बॉनेट उघडून दाखवलं असतं तर लगेच ओळखलं असतं!"

*

आमच्यात दोन पक्ष आहेत. एक ओरिजिनल, दुसरा कन्वर्ट. गाडीला जो पार्ट कारखान्यातून आला तोच हवा, म्हणणारे ओरिजिनल. जे मिळेल ते बसवा आणि गाडी चालती ठेवा, म्हणणारे कन्वर्ट. मला हे भांडण नवीन नाही. माझ्या दुकानातही काही जण "तीच गोळी द्या, दुसरी नको" म्हणून अडून बसतात आणि डोकेदुखी घेऊनच घरी जातात.

ओरिजिनल पक्षाचे अध्यक्ष उंद्रीचे बापू. उंची पूर्ण, मिशी भरघोस, दात मात्र सगळे बसवलेले. वडिलांनी घेतलेली मोटार त्यांनी जिवापाड जपली आहे. वानखडे सर त्यांना चिडवतात, "बापू, गाडीले ओरिजिनल पाहिजे, अन् तोंडात सगळं कन्वर्ट!"

उंद्रीवालीची काच खालीवर करायची एक मूठ तुटली होती. बापूंना कळलं, हिवरा आश्रमाच्या अलीकडे एका मळ्यात त्याच जातीची मोटार पडून आहे. गेलो आम्ही. मोटार होती, पण तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मळ्यातली आजी दारात आडवी उभी राहिली. "पिल्लं निघेपर्यंत दाराले हात लावाचा नाई!"

बापू मोठे जमीनदार, पण आजीपुढे काही चालेना. मग काय, ते खिशात ज्वारी घेऊन पुनःपुन्हा जायला लागले. कोंबडीची खुशाली विचारायची, दाणे टाकायचे, परत यायचं. अखेर पिल्लं निघाली, मूठ मिळाली. बापूंनी ती रुमालात गुंडाळून गॅरेजवर आणली. रशीदभाईंनी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "बापू, हा तर लोखंडी कपाटाचा हँडल आहे!"

बापूंनी मूठ रुमालानं पुसली. मग म्हणाले, "असू दे. कपाट तरी ओरिजिनल असंल ना? बसव."

*

कन्वर्ट पक्षाचे वानखडे सर. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. त्यांच्या मोताळावालीला वायपर रिक्षाचा, बॅटरी ट्रॅक्टरची, आणि मागचा दिवा कशाचा ते सरही विसरले आहेत. एकदा हवालदारानं अडवलं. "गाडी कोणती आहे ही?" सरांनी शांतपणे विचारलं, "समोरून सांगू का मागून?"

तिला हॉर्न बसवला तो जुन्या बसचा. मोताळ्याच्या बाजारच्या दिवशी सरांनी थांब्याजवळ तो वाजवला मात्र, सगळा थांबा पिशव्या उचलून उभा राहिला! एक म्हातारी तर दार उघडून आत बसली. भाजीची पिशवी मांडीवर घेतली, पदर सावरला. सर म्हणाले, "मावशी, हे बस नव्हे."

"मग वाजवता काऊन? आता बसली मी. चाला बुलडाण्याले."

सरांनी नेलं बिचारीला थेट बुलडाण्याला. उतरताना ती म्हणाली, "गाडी बरी आहे. पण इतका रिकामा फेरा मारला तर महामंडळाले परवडंल कसं?"

*

आता बापूंचं दुखणं सांगतो. तिथे हसण्यासारखं फारसं नव्हतं.

मोताळ्याकडून बुलडाण्याला येताना राजूर घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात उंद्रीवाली तिथे हमखास दम सोडायची. इंजिनाला चिकटून तिचा जुना पंप, टाकीतलं पेट्रोल ओढणारा. इंजिन तापलं की पंप तापायचा, पेट्रोलची आतल्या आत वाफ व्हायची आणि गाडी खोकून बंद. यावरचा आमचा सगळ्यांचा जुना इलाज म्हणजे पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली बसून राहायचं.

त्या दिवशी बापू आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू एका सत्कारावरून परतत होते. घाटात गाडी खोकली आणि बंद पडली. फडकं नव्हतं, म्हणून बापूंनी नुकतीच मिळालेली सत्काराची शाल भिजवली आणि पंपावर पांघरली! तोवर हँडब्रेकनं हात टेकले. गाडी उतारावरून मागे सरकायला लागली, आणि मागे कापसानं भरलेला ट्रक. काकूंनी खाली उडी मारून चाकामागे धोंडा टाकला म्हणून निभावलं. पुढे त्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून बुलडाण्याला आल्या. बापूंकडे वळूनही पाहिलं नाही.

ही बातमी पुण्याला मुलाला कळली. सुहास चांगला मुलगा, पण घाबरला. घाबरलेला माणूस निर्णय फार पटकन घेतो. त्यानं गिऱ्हाईक शोधलं. कुठल्याशा रिसॉर्टवाल्याला दारात ठेवायला जुनी मोटार हवी होती.

रविवारी बापू गॅरेजवर आले ते बसलेच नाहीत. "डिक्कीत मोगरा लावनार म्हने ते लोक. माह्या बापाच्या गाडीत मोगरा!" एवढंच म्हणाले आणि उंद्रीवालीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. सर चेष्टा करायची विसरले.

शेवटी बापलेकांत तोड निघाली. मे महिन्यात सुहास येणार, समोर बसणार. भर दुपारी मोताळ्याहून घाट चढायचा. न थांबता चढली तर गाडी उंद्रीला. थांबली तर मोगरा.

*

सरांनी लगेच उपाय सांगितला. "इलेक्ट्रिकचा पंप बसवा. मागं, टाकीजवळ. तिथं गरम होत नाही. दम लागला की बटन दाबाचं, काम खतम."

बापू उसळले. "इंजिनाले कन्वर्ट? तसं झालं तर मी त्या गाडीत पाय ठेवनार नाही. मोगरा लागला तरी चालंल!" असं सगळ्यांदेखत बोलले. आता काय करता?

दोन-तीन दिवसांनी मी गॅरेजवर बसलो असताना रिक्षातून सुमनकाकू उतरल्या. एकट्या. बापू बाहेरगावी गेले होते आणि उंद्रीवाली ब्रेकच्या कामासाठी गॅरेजवरच होती. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रशीदभाऊ, थो बिजलीचा पंप बसवून द्या. मी मागंच बसते, बटन माह्या सीटखाली द्या. आमच्या यायले समजू देऊ नका."

मी म्हटलं, "काकू, तुम्हाला तर गाडी बघवत नाही!"

"नाईच बघवत," काकू म्हणाल्या. "पन गाडी गेल्यावर हा मानूस घरात कसा बसंल, थे मले त्याच्याहून बघवनार नाई."

रशीदभाई उठले. सरळ गाडीखाली गेले. जुना पंप जागच्या जागी दिसायला ठेवला आणि नवा मागे, टाकीच्या आडोशाला बसवला. सगळं झकास जमलं. फक्त एक भानगड निघाली. बटण दाबलं की नवा पंप मागून टक टक, टक टक वाजायचा. बापूंचे दात बसवलेले असतील, कान मात्र एकदम ओरिजिनल!

काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "थ्याचं मी पाह्यते."

पुढच्या खेपेपासून काकू गाडीत बसल्या की मांडीवर सुपारीचा डबा. गाडीला दम लागायची चिन्हं दिसली की एक हात सीटखाली जायचा आणि मग अडकित्ता सुरू. कट कट, कट कट! एकदा मी सोबत होतो. बापूंनी विचारलं, "इतकी सुपारी कोनासाठी वं?"

"पाव्हन्यायसाठी."

त्या उन्हाळ्यात उंद्रीत ज्याच्या त्याच्या घरी सुपारी पोचली. आणि बापू गॅरेजवर छाती काढून सांगायचे, "पाह्यलं? ब्रेकचं काम झाल्यापासून एकदा बंद पडली नाही. ओरिजिनल थे ओरिजिनल!" मी, रशीदभाई आणि आतली गोष्ट कळलेले सर, तिघंही माना डोलवायचो. सरांना तेवढं करणंही जड जायचं.

*

मे महिन्यातला तो दिवस उजाडला. मोताळ्यात उन्हानं डांबर मऊ झालं होतं. बापू स्टिअरिंगवर, शेजारी सुहास, मागे काकू आणि मी. आमच्या दोघांच्या मध्ये पाण्याचा मोठा कॅन. सर आणि रशीदभाई मोताळावालीतून मागे. सुहास गंमत करून म्हणाला, "बाबा, अजून वेळ आहे. मोगरा वाईट नाही दिसत." बापूंनी गिअर टाकला. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झालेले मला मागून दिसत होते.

घाट लागला. पहिली वळणं छान गेली. मग चढ उभा झाला आणि उंद्रीवाली एकदा खोकली. मी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी डोळे गच्च मिटले होते. दोन्ही हात जोडलेले, ओठ पुटपुटत होते. गाडी चढू दे म्हणून देवाला विनवण्यात त्या इतक्या बुडाल्या होत्या, की बटण त्यांच्याच सीटखाली आहे हे साफ विसरल्या! मी हात लांबवला, तर मध्ये कॅन. हाक मारावी, तर समोर सुहास. मी खाकरलो. काकू हलल्या नाहीत.

गाडी पुन्हा खोकली. वेग पडला. मागून मोताळावालीचा बसचा हॉर्न केकाटला. सुहासनं मान वळवून वडिलांकडे पाहिलं. आता तोही हसत नव्हता. मला डोळ्यांपुढे डिक्कीतला मोगरा दिसला, खोटं कशाला बोलू!

बापूंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मानही वळवली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काऊन वं, आज सुपारी नाही कातरून राह्यली?"

काकूंचे डोळे खाडकन उघडले. एक क्षण त्या नवऱ्याच्या पाठीकडे नुसत्या पाहतच राहिल्या. मग हात सीटखाली गेला. टक टक, टक टक. उंद्रीवालीनं दम घेतला, अंग झटकलं आणि चढ धरला. अडकित्ता त्या दिवशी डब्यातच राहिला.

वर पोचल्यावर चहाच्या टपरीशी बापूंनी गाडी उभी केली. रशीदभाई आणि सर धावत आले. सुहासनं बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला म्हणून काढला, आणि हसून म्हणाला, "ठीक आहे बाबा. मी त्यांना नाही म्हणून कळवतो."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बापूंनी खिशातला रुमाल काढला आणि समोरची काच पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

चहा आला. सुहास पेला हातात घेऊन मध्येच थांबला. "पण बाबा, तुमच्या दातांना सुपारी चालतच नाही. मग भर घाटात मागितलीत कशाला?"

काच पुसता पुसता बापू म्हणाले, "मी कुठं खायाले मांगतली? कातर म्हटलं फक्त."