जुन्या जोड्या

सौंसरच्या बसस्टँडसमोर चहाला माझा एक जुना विद्यार्थी रोज भेटतो. शंकरपटाचा मोबाइल गेम त्याने एकट्याने बनवला आहे आणि मोहगावपासून पांढुर्ण्यापर्यंतचे लोक त्यात आपापल्या बैलजोड्या पळवतात. नवा अपडेट कधी, असं कुणीही विचारलं की तो पायातली चप्पल हलवत म्हणतो, "होऊनच राहिलं, भाऊ." दिवस मात्र कधीच सांगत नाही.

परवा त्याने गेमच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर मला दाखवला. 'किरकोळ सुधारणा', एवढाच.

"किरकोळच आहेत ना?" मी विचारलं.

चप्पल थांबली. "नाही, सर. जुन्या जोड्या पुसल्या जातीन. सुरुवातीलेच मी त्या चुकीच्या पद्धतीनं साठवल्या, आता दुसरा उपायच नाही. सांगितलं तर लोक शिव्या देतीन."

"आणि न सांगता पुसल्या तर?"

त्याने सगळं खोडून लिहिलं, 'या अपडेटनं तुमच्या जुन्या जोड्या जातील. चूक माझी आहे.' पाठवलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

फोन थरथरू लागला. त्याने हात लावला नाही, म्हणून मीच उचलून पहिलं उत्तर वाचून दाखवलं. लोधीखेड्याचा कुणी होता. 'घरी आता ट्रॅक्टर आहे, भाऊ. बैल म्हणून हेच उरले. पोळ्याले एकदा सजवू दे, मंग पुस.'

त्याने माझ्या हातून फोन घेतला आणि पहिल्यांदाच दिवस सांगितला, 'पोळा झाल्यावर. त्याच्या आधी नाही.'