बर्फाचा राखणदार

गोव्यात धारगळला आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. बहुतेक हायवेच्या कामावरचे बेळगावकडचे लोक असतात. त्या वर्षी मात्र एक चेक माणूस आला, गुडघ्यांवर आयुर्वेदिक उपचार घ्यायला. हा काय करतो, असं आईने विचारलं. मी सांगितलं, त्यांच्याकडे बर्फावर हॉकी खेळतात, त्यात हा गोल राखायचा. आईने त्यातलं ‘बर्फ’ आणि ‘राखायचा’ एवढंच उचललं. तिचा भाऊ वास्कोला बर्फाच्या कारखान्यात रखवालदार होता आणि थंडीने त्याचेही गुडघे गेले होते. झालं, पाहुणाही बर्फाच्या कारखान्यातला ठरला. मी समजावून थकले. आईचं एकदा ठरलं की ठरलं.

संध्याकाळी तो ओसरीवर खुर्ची टाकून बसे आणि आपल्या खेळाचं सांगे. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर मोठ्या भावाने त्याला गोलात उभं केलं, कारण त्याला धड घसरता येत नव्हतं. मग मोठे संघ, परके देश, नुसते बाकावर बसून काढलेले हिवाळे, आणि उतारवयात पुन्हा गावचाच संघ. भाषांतर करून माझं डोकं उठे. आई मात्र मन लावून ऐके आणि त्याच्यापुढे पेजेची वाटी सरकवी. कारखानेवाल्यांनी त्याला उपाशी ठेवलं असणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

एके दिवशी त्याच्या गावाहून फोन आला. जुन्या संघाला त्याचा सत्कार करायचा होता. त्याने नाही म्हणून सांगितलं. शेवटच्या सामन्यात, अगदी शेवटी, चेंडूऐवजी असते ती चकती साध्याशा फटक्यावर त्याच्या पायांमधून गोलात गेली आणि संघ खालच्या गटात ढकलला गेला. त्यानंतर तो गावात पाऊल टाकत नव्हता. मी आईला थोडक्यात सांगितलं, शेवटच्या दिवशी याच्या हातून एक आत सुटला, म्हणून हा गावाला तोंड दाखवत नाही.

आई काजूबिया सोलत होती. तिने हात थांबवला आणि त्याला सगळं कळत असल्यासारखं त्याच्याकडे बघून ती बोलली.

“एक चोर भितर गेलो तो सगळ्यांक दिसलो. इतकी वर्सां जे तू येवक दिलंस नाय, ते कोण मोजतलो? आमच्या राखणदाराक आमी नवी व्हाणां ठेवतंव, गावची राखण करून त्येची झिजतत म्हणान. तुजे गुडघे काय बसान झिजले?”

वेशीवरच्या आमच्या देवाला वहाणा वाहतात, हे त्याला आधी समजावलं. मग तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, चोरासकट. तो हसला नाही. पुन्हा सांगा म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा तो तोंड फिरवून बराच वेळ रडला. मलाही राहवेना. दुसऱ्या दिवशी त्याने संघाला येतो म्हणून कळवलं.

सत्काराचा व्हिडिओ त्याने मला पाठवला. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि बर्फावर मधोमध तो एकटा, मान खाली घालून. आईने फोन हातात घेतला, अगदी डोळ्यांजवळ धरला.

“मान वर कर रे पुता,” ती म्हणाली.

त्याला ऐकू जात नाही, असं मी तिला सांगणार होते. पण मलाही त्याला तेच सांगायचं होतं.