साडूची गाडी तिसऱ्यावर चढते

भांडायला दोघं लागतात. हेवा मात्र माणूस एकट्याने करू शकतो, आणि किल्लीवाला तो लहानपणापासून मन लावून करत आला होता. शाळेत शेजारच्या पोराच्या पेन्सिलीला जास्त टोक आहे म्हणून याने आपली इतकी तासली, की हातात नुसतं मागचं खोडरबर उरलं. पुढे बँकेच्या जिन्याखाली कपाटाएवढं दुकान थाटलं. किल्ली बनवावी तर यानेच. कानस चारदा फिरवली की कुलूप मुकाट्याने उघडायचं. पण समोरच्या फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करणाऱ्यापाशी दोन माणसं जास्त थांबली, की याच्या पोटात दुखायला लागायचं. छत्र्यांशी याचा काडीचा संबंध नव्हता. माणसं तिकडे थांबली, एवढं पुरे होतं.

हे झाले किरकोळ हेवे. खरा, ठेवणीतला हेवा होता साडूचा.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. फ्रीज दुरुस्त करायचा. गुबगुबीत, हसरा, कुणाच्याही घरात शिरून पाणी मागून पिणारा. वयाने किल्लीवाल्याहून लहान. पण बायको थोरली मिळाल्यामुळे सासरी तो झाला ‘थोरले’ आणि हा झाला ‘धाकटे’. कानामागून आला आणि तिखट झाला! त्यात भर म्हणजे दोघांकडे मोटरसायकल एकाच बनावटीची, रंगही तोच. गाडी वेगळी असती तर गाडीला नावं ठेवता आली असती. देवाने तीही सोय ठेवली नव्हती.

दर रविवारी दोन्ही जावई सासऱ्यांकडे जेवायला जात. घर उंचावर. खालच्या लाँड्रीपासून रस्ता जो चढायला लागे तो मध्ये एका दगडी भिंतीपाशी वळून थेट दारात येई. सासऱ्यांची हयात बोटींवर इंजिनं सांभाळण्यात गेलेली. आता गुडघे संपले होते, पण कान शाबूत होते. खुर्चीतून न उठता, नुसत्या आवाजावरून ते कुणाची गाडी कितव्या गिअरवर आहे ते सांगत. किल्लीवाला नेहमी आधी पोचायचा. मागून साडूची गाडी यायची आणि म्हातारा बोट वर करायचा.

“ऐका! तिसऱ्यावर. एकदाही खाली पाडला नाही. याला म्हणतात इंजिन. आमच्या धाकट्यांची मात्र दुसऱ्यावर येते, तीही रडत.”

एका रविवारी हे ऐकून किल्लीवाल्याची बायको हसली. फार नाही, ओठांच्या कडेला जरासं. म्हातारा बोलला ते परवडलं, पण बायको हसली ते याला जेवताना टोचलं आणि घरी जातानाही टोचत राहिलं.

“भाऊजींचं फार कौतुक वाटतं तुला?” त्याने घरी पोचल्यावर विचारलंच.

“अहो, त्यांच्या गाडीचं काय घेऊन बसलात? त्यांची चढते, कारण...” ती बोलता बोलता थांबली. “जाऊ दे. आपली बरी आहे.”

बरी आहे! कुणाच्या स्वयंपाकाला ‘बरा आहे’ म्हणून बघावं, मग कळतं या शब्दात काय विष असतं. किल्लीवाल्याने तिथेच ठरवलं. हिला मागे बसवून, हिच्यासकट, तिसऱ्या गिअरवर तो चढ चढायचा. सासऱ्यांनी ऐकलं पाहिजे, साडूने ऐकलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे हिने पाठीमागे बसून ते अनुभवलं पाहिजे. तोवर जिवाला चैन नाही.

चौकशा करकरून त्याने कॅमशाफ्टची जोडी मागवली. इंजिनाच्या डोक्यात दोन दांडे फिरत असतात. त्यांच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, आणि ते व्हॉल्व्ह दाबून उघडतात. एक दांडा हवा-पेट्रोल आत घ्यायला, दुसरा धूर बाहेर टाकायला. नव्या दांड्यांचे उंचवटे मोठे होते. व्हॉल्व्ह जास्त उघडणार, जास्त वेळ उघडे राहणार, म्हणजे ताकद जास्त. विकणाऱ्याने तर शर्यतीत हेच वापरतात असं सांगितलं, आणि शर्यत हा शब्द कानावर पडल्यावर किल्लीवाल्याने पुढचं काही ऐकलं नाही.

शनिवारी दुकान बंद ठेवलं. फळी टाकून गाडी बाहेरच्या खोलीत घेतली, खाली जुनी चादर पसरली. टाकी उतरवली, इंजिनाचं झाकण काढलं, खुणेवर खूण आणली. बायको टॉर्च धरून शेजारी बसली. बालवाडीत शिकवणारी बाई ती. चिल्ल्यापिल्ल्यांच्या गोंधळात शांत राहायची सवय. त्याने जुने दांडे उचलले आणि नेमकी ते फिरवणारी चेन हातातून सुटून इंजिनाच्या पोटात घसरायला लागली. ती आत पडली असती तर सगळं इंजिन उलगडावं लागलं असतं. बायकोने आपल्या विणकामाच्या टोपलीतली लांब सुई आत घातली आणि चेन अलगद वर ओढून धरली.

“बांधा लवकर तार. हात दुखतोय माझा,” ती म्हणाली. मग हसून म्हणाली, “आता या इंजिनात माझाही हात आहे हं!”

तो इतका खूश झाला, की घटकाभर साडूला विसरला.

साडू मात्र त्याला विसरला नव्हता. मेहुणीचा डबा परत द्यायच्या निमित्ताने आला, दारातूनच “अरे वा, ऑपरेशन चाललंय!” म्हणाला आणि नवा दांडा उचलून उजेडात फिरवून बघायला लागला.

“साडूभाऊ, हे शर्यतीचे हो. सपाटीवर, इंजिन ओरडायला लागल्यावर पळतात. हळू चालताना ओढ कमी होते यांनी. तुम्हाला डबलसीट चढ चढायचाय ना? मग मागचं दातेरी चक्र मोठं टाका. तासाभराचं काम. हे परत करून टाका.”

चढाचं याला कुणी सांगितलं? किल्लीवाल्याने बायकोच्या जागेकडे बघितलं. ती डबा ठेवायला आत गेली होती.

“बघतो,” तो म्हणाला.

“मी थांबू मदतीला?”

“नको. जमतंय मला.”

साडूची पाठ वळताच किल्लीवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जळतोय! लेकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या! स्वतः जन्मभर जळलेल्या माणसाला दुसऱ्याच्या सरळ बोलण्यातही धूरच दिसतो. साडू म्हणाला ते शब्दन्‌शब्द खरं होतं. पण ते दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तरच याने ऐकलं असतं.

दांडे बसले. चेन चढली, खुणा जुळल्या. त्याने इंजिन आधी हाताने फिरवून पाहिलं. उंचवट्याखाली पातळ पत्ती सरकवून प्रत्येक फट मोजली. पत्ती जराशी अडखळत सरकली पाहिजे, फार सैल नाही, फार घट्ट नाही. इतकं निगुतीचं काम कुठल्या गॅरेजात झालं नसतं. बटण दाबल्याबरोबर गाडी सुरू झाली आणि जागच्या जागी धडधडायला लागली. त्याने कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली. गाडी अशी सुटली की डोळ्यांत पाणी आलं. चढावर मात्र त्याने नेली नाही. तो मान रविवारचा.

रविवारी बायकोने नवे सँडल घातले होते. लाँड्रीपाशी चढ लागला. किल्लीवाल्याने तिसरा टाकला, मूठ पिळली, आणि गाडी गुदमरली. धड ओढेना, धड बंद पडेना. त्याने दुसरा टाकला. पूर्वी दुसऱ्यावर रडत का होईना, चढायची. आता हुंदके द्यायला लागली. दगडी भिंतीच्या अलीकडे इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरू लागली. बायकोने पाय टेकले म्हणून दोघं पडली नाहीत.

“पहिल्यावर घ्या ना,” ती म्हणाली. “हळूहळू जाऊ. घाई काय आहे?”

पहिल्यावर! म्हातारा वर कान लावून बसलेला. आणि तेवढ्यात खालून, लांबून, साडूच्या गाडीचा आवाज आला. किल्लीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

“उतर जरा.”

“काय?”

“उतर गं पटकन! मी खालून जोर घेऊन येतो.”

ती उतरली. तिच्या तोंडाकडे बघायला त्याला सवड नव्हती. गाडी वळवून तो सपाटीवर गेला, इंजिन किंचाळेपर्यंत मूठ पिळली आणि तिसऱ्यावर चढाला भिडला. मागे ओझं नव्हतं, वेग होता. गाडी बाणासारखी निघाली. भिंतीला टेकून बायको उभी होती. तिच्यासमोरून तो असाच वर गेला, आणि ती भिंतीआड सावलीत जाऊन बसली.

“वा! वा धाकटे!” आतून म्हातारा ओरडला. “तिसऱ्यावर! आणि काय दणका आहे! थोरल्यांची फिकी पडली हो!”

हे ऐकण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. किल्लीवाल्याची छाती फुगली. मागोमाग साडू आला, तोही तिसऱ्यावर, आणि त्याने हेल्मेट काढलं. त्याच्या मागची सीट रिकामी होती.

“ताई कुठे?” किल्लीवाल्याने विचारलं.

“येतेय चालत. लाँड्रीपाशी उतरते ना ती, नेहमीच, आणि मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात जाते. डबलसीट कुठली चढायला तिसऱ्यावर?” साडूने त्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. पहिल्यांदाच त्याचं हसू जरा ओढलेलं दिसत होतं. “तुमची चढली म्हणजे कमाल आहे. बायकोसकट! मानलं बुवा.”

किल्लीवाला रस्त्याकडे वळला. भिंतीच्या वळणावरून दोघी बहिणी वर येत होत्या. ताईने धाकटीचा हात धरला होता, आणि धाकटीने नवे सँडल दुसऱ्या हातात घेतले होते. साडूने तिकडे पाहिलं, मग किल्लीवाल्याकडे पाहिलं, आणि तो आत निघून गेला. त्याच्यामागून ताईही गेली.

बायको गाडीपाशी थांबली. पाय झटकून तिने सँडल घातले.

“अगं, म्हणजे ताईला ते दर रविवारी...” किल्लीवाला चाचरला. “मला सांगायचं नाहीस?”

“तिने शपथ घातली होती. लाज वाटायची तिला,” बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली. “तुमची गाडी रडत येते, पण मला घेऊन येते, म्हणून इतकी वर्षं ताई माझा हेवा करत होती. आज सुटली बिचारी.”