त्याचं खरं गाव

२००३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो आणि लीड्सला डॉक्टर मुलाकडे राहत होतो. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी कामापुरतं. कौन्सिलने भाजी लावायला जमिनीचा एक तुकडा दिला होता. शेजारचा तुकडा एका गोऱ्या म्हाताऱ्याचा. युद्धानंतर इकडे आलेला. त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणून आमचं जमलं.

एके दिवशी दोन पोलीस घरी आले, एक बाई आणि एक पुरुष. म्हणाले, तो म्हातारा युद्धात नाझींचा शिपाई होता आणि एका गावात त्याने माणसं मारली असा संशय आहे. इकडे येताना कागदांवर त्याने भलताच मुलूख लिहिलाय. त्या गावाशी त्याचा संबंध दाखवता आला नाही तर केस बंद होणार. तुमच्याशी कधी काही बोललाय का?

मुलगा मध्येच म्हणाला, "आबांना कसलं इंग्रजी कळतंय? उगाच तुमचा वेळ जाईल."

"तू गप बस," मी म्हटलं. "मी त्याला गाव विचारलंय."

माणूस भेटला की गाव विचारायचं, ही आमची रीत. आणि नुसतं नाव ऐकून माझं भागत नाही. नदी कुठून जाते, बाजार कधी, पाटील कोण, सगळं लागतं. चार वर्षं विचारत होतो. धड लिहिता येत नाही, म्हणून ऐकलेलं डोक्यातच ठेवतो. मी पोलिसांना त्याच्या गावाचं नाव सांगितलं. नदीला दोन फाटे, बाजार गुरुवारी, पुलापलीकडे पाणचक्की, आणि लढाईतला एक हिवाळा तो त्या चक्कीतच राहिला होता.

पोलीसबाई लिहायची थांबली. "चक्कीचं तो स्वतः बोलला?"

"स्वतः. मटारांना काठ्या लावताना."

मग तिने हळू आवाजात सांगितलं, त्या चक्कीमागेच माणसं उभी करून मारली होती. बायका, पोरंसुद्धा. त्याने दिलेला कोबी आम्ही घरात खाल्ला होता.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. मी सांगितलेलं सगळं जुळलं होतं. केस उभी राहते, म्हणाली, तुमच्यामुळे; उद्या जबानीवर सही करायला या.

मुलगा म्हणाला, "आबा, मला आपल्या शेजाऱ्याचं आडनावसुद्धा माहीत नाही."

"मग विचार की. तोंड दिलंय ना देवाने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, कोट चढवला. मुलगा गाडीने सोडतो म्हणत होता, पण मी एकटाच बसने पोलीस स्टेशनला गेलो. जबानी ओळ न् ओळ वाचून दाखवायला लावली. एका ठिकाणी त्यांनी 'मला वाटतं' असं घातलं होतं. "ते काढा," मी म्हटलं. "वाटत नाही, मी ऐकलंय." त्यांनी काढलं, नवा कागद छापला. मग मी मराठीत सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.