तालुकदारसाहेबांची कोरडी नाव

नांदेडच्या घाटावर पाशामियाँ सुताराची मान दोनदाच खाली जायची : वाकसानं लाकूड तासताना, आणि सरकारी माणूस दिसला की. दुसऱ्या वेळी जरा जास्तच.

हात मात्र बावनकशी. नावेच्या बरगड्यांसाठी मुद्दाम वाकडी वाढलेली बाभूळ हुडकून आणायचा. त्यावर सागाच्या फळ्या, सांध्यांत ठोकलेला ताग, वरून राळ आणि तेल. मग नवी नाव काठाशी पाण्यात चक्क बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं, फटी मिटतात. घाटावरची प्रत्येक नाव आधी अशी बुडायची आणि मगच तरायची.

निजामी अमदानीच्या अखेरीस त्याला सरकारी नावेचं काम मिळालं आणि गड्याला सरकारी मिस्त्री व्हायचे डोहाळे लागले. नावेत पहिलं पाऊल खुद्द तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टरच, ठेवणार, हे कळल्यावर तर त्याचे पाय जमिनीला लागेनात. नाव रंगवून, पताका लावून त्यानं वाळूवर मांडली. साहेबांचा दौरा लांबत गेला आणि नाव वैशाखाच्या उन्हात वाळत राहिली.

"अजी, पहले पानी में डुबाके रखो," बायको कमरुन्निसा करवादली.

"हुजूर की नाव डुबाऊं? अकल है के नई?"

एकदाचे साहेब आले. नाव मधोमध पोचेतो पाणी त्यांच्या बुटांत शिरलं. नावाडी चंद्रप्पानं कशीबशी ती काठाला आणली. साहेब उतरले आणि नाव तिथंच बुडाली.

"किसने बनायी?" साहेब गरजले.

पाशामियाँची बोबडी वळली. "चंद्रप्पाने, हुजूर. मैंने सिर्फ रंग दिया."

सगळ्या घाटाला खरं ठाऊक होतं, पण साहेबांपुढं बोलणार कोण? "ये कचरा इसीको दे दो," म्हणून साहेब निघून गेले.

नाव पाण्यातच पडून होती, ती आपसूक फुगली. चंद्रप्पानं उपसून काढली, तर आत टिपूस नाही. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला आणि साहेबांना तातडीनं पलीकडं जायचं होतं. बाकीचे नावाडी धजेनात. चंद्रप्पानं त्यांना त्याच नावेतून नेलं आणि कोरड्या बुटांनी परत आणलं. खूश होऊन साहेबांनी शाल मागवली आणि त्याला सरकारी मिस्त्री करून टाकलं.

चंद्रप्पा घाबरला. "मला खुटी बी ठोकता येत न्हाई, सायब. नाव ह्या पाशामियाँची हाय."

साहेबांनी पाशामियाँकडं रोखून पाहिलं. "तूने तो कहा था, इसने बनायी. झूट बोला था?"

सरकारशी खोटं बोलल्याची सजा त्याला माहीत होती.

"नई हुजूर," तो म्हणाला. "इसीने बनायी."

पुढं प्रत्येक सरकारी नाव पाशामियाँनंच घडवली आणि प्रत्येक वेळी शाल चंद्रप्पाच्या खांद्यावर पडली. चंद्रप्पा भला माणूस. घरी नेण्याआधी तो खऱ्या मिस्त्रीला शालीला हात लावून बघू द्यायचा.