दाराबाहेरचं टोपलं

पैनगंगा ओलांडली तेव्हा मोटारीतल्या एकानेही मान वर करून पाहिलं नाही. गेल्या वर्षीपर्यंत इथे निजामाचा नाका होता. आता चौकी रिकामी होती आणि तिच्या सावलीत एक शेळी बसली होती. संस्थान भारतात विलीन झालं म्हणजे नेमकं काय झालं, ते पाहायला मी यवतमाळहून निघालो होतो. सकृद्दर्शनी फायदा शेळीचा झालेला दिसला.

आदिलाबादहून तामसीपर्यंत दुसरी मोटार आणि पुढे दोन कोस बैलगाडी. त्या गावी माझ्याबरोबर शिकलेला जुना सोबती शांतवन ख्रिस्ती मंडळीचा पाळक (धर्मोपदेशक) होता. त्याच्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. वर मिरचीचा असा ठेचा, की मी पाण्याचा तांब्या रिता केला आणि शांतवन पोट धरून हसला.

मग गंभीर होऊन म्हणाला, "उद्या कापणीचा सण. पहिलं धान्य देवापुढे ठेवायचं, मग प्रभुभोजनाची पवित्र भाकर मोडून सगळ्यांनी खायची. पण योहानचं काय करावं, ते सुचत नाही."

प्रकरण असं होतं. संस्थान पडलं त्या गडबडीच्या दिवसांत गावातल्या रहीमाबीचा नवरा गेला आणि ती बेल्लमपल्लीला भावाकडे पळाली. तिचं ओसाड पडलेलं वावर (शेत) मंडळीतल्या योहानने पेरलं. योहानच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. सारा जन्म दुसऱ्याच्या बांधावर गेलेला. आता रहीमाबी परतली होती आणि एका कुणब्याच्या गोठ्यात राहत होती. पटवाऱ्याचं दप्तर जळालं होतं. सोमवारी नवा गिरदावर (महसूल खात्याचा अंमलदार) येऊन ज्याचा कब्जा त्याचं नाव लिहिणार होता.

रविवारी मी ख्रिस्ती देवळात ऐटीत जाऊन बायकांच्या बाजूला बसलो. एका म्हातारीने कोपराने ढोसून मला योग्य जागी पाठवलं. तेवढ्यात योहान कणसांनी भरलेलं टोपलं घेऊन आला. शांतवनने ते त्याच्या हातून घेतलं आणि दाराबाहेर ठेवलं.

"काऊन, पाळकसाहेब?"

"कोनाच्या वावरातली कणसं हायेत?"

"पेरली तं मीच. मी नसतो तं बाभळी माजल्या असत्या. कृपा म्हंजे फुकट भेटलेलं, असं तुमीच सांगून राह्यले ना? मले देवानं देलं."

"देवानं देलं, तं विधवेचं काऊन देलं?" शांतवनचा आवाज चढला नाही. "कृपा भेटली म्हनून दुसऱ्याचं घ्याची मुभा नाई भेटत. शास्त्र सांगते, वेदीपाशी आल्यावर कोनाचं गाऱ्हानं आठवलं तं दान तिथंच ठेव, आंधी त्याच्यापाशी जाय. जाय तू. आमी थांबतो."

मला राग आला. चारचौघांत माणसाची अशी शोभा करायची? योहान टोपलं उचलून निघून गेला. शांतवनने पुस्तक मिटलं. भाकर कापडाखाली तशीच राहिली आणि मंडळी बसून राहिली. दुपार झाली, माझ्या पायांना मुंग्या आल्या, तरी कोणी उठेना.

योहान आला तो रिकाम्या हातांनी. मागून रहीमाबी टोपलं घेऊन आली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"आधा इसका है," ती म्हणाली. "मेहनत इसने की." अर्धी कणसं तिने उंबऱ्यावर ओतली आणि ती गेली. योहानने ती वेचून देवापुढे ठेवली. मग भाकर मोडली गेली.

पण खरी परीक्षा सोमवारी होती. गिरदावर लिंबाखाली खाटेवर बसला. "कब्जा किसका?"

योहानने डोक्यावरचं मुंडासं सोडलं आणि पुन्हा बांधलं. त्याची बायको पदर दातांत धरून खाली बघत होती.

"वावर रहीमाबीचं हाये," तो शेवटी म्हणाला. "मी नुसतं पेरलं."

लेखणी चालली आणि काम संपलं.

मी निघालो तेव्हा योहान गाडीपर्यंत सोडायला आला. न राहवून विचारलं, "पस्तावा होतो का?"

"व्हते ना, गुरुजी. लय व्हते. खोटं काऊन सांगू?" त्याने माझी पिशवी गाडीत ठेवली. "पुन्हा इचारलं तं पुन्हा तेच सांगीन."

घरी आल्यावर सगळ्यांनी तिकडे पाहण्यासारखं काय आहे, म्हणून विचारलं. मी योहानची हकिगत सांगितली. ऐकून बायको म्हणाली, "तुम्ही असता तर?"

मी शाळेत रोज खरं बोलायला शिकवतो. म्हणून तिला खरंच सांगितलं, की मी ते शेत ठेवलं असतं.