हमीदाभाभीची चवळी

फोन आला तेव्हा मी कपाशीत होते. "काकी, अम्मी गेली," एवढंच हमीदाभाभीचा सलीम म्हणाला आणि रडायला लागला. मी तिथंच बांधावर बसले. समोर तिचं रान, आणि रानाच्या कडेनं तिची चवळीची ओळ, शेंड्यापर्यंत माव्याच्या किडीनं भरलेली...

पाथर्डीकडच्या आमच्या गावात बांधाला बांध लावून आम्ही दोघींनी अर्धं आयुष्य काढलं. ही चवळी ती खाण्यासाठी पेरायचीच नाही. मावा आधी चवळीवर बसतो, त्याला खायला ढालकिडे येतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, आणि मग तेच कपाशी सांभाळतात, असं तिचं म्हणणं. भाभी मावा पाळते, म्हणून गाव हसायचं. एका वर्षी आभाळ नुसतंच दाटून राहिलं, ढालकिडे काही आले नाहीत, आणि तिची कपाशी माव्यानं चिकट होऊन काळी पडली. तेव्हा तर लोक मुद्दाम बांधावरून चक्कर मारून गेले. पुढच्या वर्षी बाईनं चवळी दुप्पट लावली! आमच्याकडे आली तरी आधी दारातल्या जास्वंदीचं पान उलटं करून बघायची, मग पाणी मागायची. माणसांची विचारपूस कर की आधी, असं मी चिडून म्हटलं, तर म्हणाली, "तू बोलून सांगतीस. हिला कोन इचारनार?"

आता ती गेली, तर पोरगं शहाणं होईल, असं पारावर बोलून झालं. मला त्याचा संताप येतो, अजून येतो. आणि परवा सलीम खरंच पाठीला फवारणीचा पंप लावून आला. चवळीवर काळ्या, काटेरी अळ्या पडल्यात, नवीनच कीड दिसते, म्हणाला. मी पान उलटं केलं. ढालकिड्याचीच पिल्लं ती! दिसायला ओंगळ, म्हणून आमच्याकडे लोक नेमकी तीच मारतात आणि मग माव्याच्या नावानं बोंबलतात. मी ओळीपुढं उभी राहिले.

"पंप उतरव. तुझ्या आईनं बोलावलेली हायत ही."

"काकी, रान काळं पडंल."

"पडू दे. मागं पडलं तवा ती काय त्यानं मेली न्हवती."

 त्यानं पंप उतरवून तिथंच ठेवला आणि निघून गेला. मी तो उचलून घरी आणला. अजून माझ्या ओसरीवर आहे, जास्वंदीशेजारी. येऊ दे मागायला. चवळी वाळेपर्यंत मी तो देणार नाही.